शुक्रवारचं हेवी मेटल

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझ्या बायकोच्या अंगात देवी येत नाही. हे वाक्य मी आमच्या नेरूळच्या सोसायटीत जिन्यात उभं राहून म्हटलेलं आहे, भाजीवाल्यापुढे म्हटलेलं आहे आणि एका सरकारी ऑफिसात खिडकीच्या भोकातून अर्धं डोकं आत घालूनही म्हटलेलं आहे. एखादी गोष्ट नाही नाही म्हणून इतक्यांदा सांगितली की लोकांची खात्री पटते, काहीतरी आहे खास. वास्तविक जे काय होतं ते एका टेपरेकॉर्डरात होतं, आणि टेपरेकॉर्डर माझ्या मेव्हण्याचा होता.

मेव्हणा रणजीत मर्चंट नेव्हीत. बोटीवर जाताना तो आपला जपानी टेपरेकॉर्डर आणि बॅगभर कॅसेट आमच्याकडे ठेवून गेला. सुमेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याने बजावलं, “ताई, इथं खाडीची हवा आहे. कॅसेट नुसत्या पडून राहिल्या तर टेपला बुरशी धरते. आठवड्याला एखादी तरी पूर्ण फिरवत जा. आणि दोन्ही बाजू हं, अर्धवट नको.”

आता सुमेधाला अर्धवट नको असं सांगणं म्हणजे पाण्याला ओलं राहा म्हणून सांगण्यासारखं आहे. वर्षाच्या डाळींना ऊन दाखवायचं तर ती दाणा न् दाणा पालथा करून दाखवते. तिने कॅसेटचं काम त्याच खात्यात घातलं. लोणच्याच्या बरण्या हलवणे, गाद्या उन्हात टाकणे, रणजीतच्या कॅसेट फिरवणे.

कॅसेट हेवी मेटलच्या होत्या. तेही आताच्या नव्हेत, सत्तर-ऐंशीच्या सुमाराच्या, ज्यांना रणजीत ‘क्लासिक’ म्हणायचा आणि तो शब्द उच्चारताना पायातली चप्पल काढल्यासारखा चेहरा करायचा. वरची चित्रं पाहून मी हबकलो. एकीवर कवटी, एकीवर तुटलेले साखळदंड, एकीवर नुसता अंधार आणि त्यात कुणाचे तरी डोळे. पाहुण्यारावळ्यांचं घर म्हणून मी त्या शोकेसमध्ये भिंतीकडे तोंड करून लावल्या.

आम्ही दोघं ठाणे-बेलापूर रोडवरच्या दोन वेगळ्या कारखान्यांत. वीज वाचवायला त्या पट्ट्यातली साप्ताहिक सुट्टी वाटून दिलेली, आमच्या वाट्याला शुक्रवार आला होता. मुलं शाळेत. दुपारी जेवण झालं की मी झोपतो. हा माझा छंद नाही, शिस्त आहे. सुमेधा शुक्रवारी न्हायची. केस मोकळे सोडून पंख्याखाली वाळवत बसायची, आणि त्या वेळात एक कॅसेट फिरवून घ्यायची.

पहिल्या महिन्यात ती कॅसेट लावून तांदूळ निवडायची. दुसऱ्या महिन्यात तांदळाचं ताट पुढ्यात असायचं पण हात चालत नसायचा. तिसऱ्या महिन्यात ताट गेलं, आणि बाई टेपरेकॉर्डरसमोर जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून बसायला लागली. मग तिची मान हलायला लागली. आधी जरा जरा. मग चांगली.

एकदा आवाजाने माझी शिस्त मोडली म्हणून मी बाहेर आलो आणि दारात तसाच उभा राहिलो. लग्नाला पंधराएक वर्षं झालेली. ही बाई कधी मोठ्याने हसलेली मला आठवत नव्हती. माझी आई असेपर्यंत ती स्वयंपाकघरात भांडंसुद्धा हळू ठेवायची, ऑफिसात साहेब तिला “जरा मोठ्याने बोला, मॅडम” म्हणायचे. आणि इथे ओले केस गोल गोल फिरवत, ओठ घट्ट मिटून, एखादा अवघड डोंगर चढत असल्यासारखी ती बसली होती. मला ती फार सुंदर दिसली. तसं सांगायला हवं होतं, पण मी म्हणालो, “चहा मिळेल का?”

“पहिली बाजू संपू दे,” ती म्हणाली. डोळे न उघडता.

चहा झाल्यावर तिने मला समजावलं. “नीट ऐका, हं. आधी एकटी गिटार येते, जड पावलांनी, अजिबात घाई नाही तिला. मग मागून ढोल येतात, पण ते तिला ढकलत नाहीत. तिच्या पावलाला पाऊल लावून चालतात. चौथ्या गाण्यात दोन गिटारी एकच ओळ वाजवतात, एक जरा वर, एक जरा खाली. भांडत नाहीत. आणि शेवटचं गाणं म्हणजे पहिल्या गाण्याला दिलेलं उत्तर आहे. मधलं एखादं पुढे ढकललंत तर ते उत्तर कळणारच नाही. म्हणून पूर्ण ऐकायचं.”

“आणि तो मनुष्य ओरडतोय कशाला?”

“ओरडत नाही हो. लांब आहे तो. तिथून पोहोचवतोय आपल्यापर्यंत.”

मला त्यात ओ की ठो कळलं नाही. पण हे सगळं कुणी शिकवल्याशिवाय, तांदूळ निवडता निवडता जिने ऐकलं, तिच्याबद्दल मला भलताच आदर वाटला. आमच्या कारखान्यातल्या मॅनेजरला स्वतःच्या मशीनबद्दल एवढं सांगता येत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. मग खालच्या मजल्यावरून जोतीराम वर आले. जोतीराम आमच्या सोसायटीचे चेअरमन. साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडींचे मुकादम, त्यामुळे हळू आवाज हा प्रकार त्यांनी कधी वापरलेला नाही. मी सेक्रेटरी. ‘विनापरवानगी तोडफोड करू नये’ अशी नोटीस माझ्याच सहीने जिन्यात लागलेली होती.

“सेक्रेटरी,” ते नोटिशीच्या दिशेने बोट करून म्हणाले, “तुमच्या घरात पाडकाम चाललंय जनू. परवानगी कुनाची घेतली?”

“पाडकाम नाही. गाणी आहेत.”

“गानी?” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की नोटिशीवरची माझी सही मलाच खोटी वाटायला लागली. “माझ्या पंख्याची पाती हालाय लागल्याती वो!”

सेक्रेटरीची इभ्रत नावाची एक वस्तू असते. ती बाकी कुणाला दिसत नाही, पण दुखते फार. मी त्याच संध्याकाळी वाशीला सेक्टर सतरामध्ये जाऊन सुमेधासाठी हेडफोन आणला. कान पूर्ण झाकणारा, काळा, लांब वायरीचा. सुमेधाने तो लावून पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. “अहो, आता तर बोटं तारांवर घसरलेली पण ऐकू येतात,” ती म्हणाली. लग्नाच्या वाढदिवसाची साडी दिली होती तेव्हा तिने नुसता पोत तपासला होता. मी स्वतःवर खूश होऊन झोपलो. आयुष्यात मी ज्या ज्या वेळी स्वतःवर खूश झालो, त्या त्या वेळी घात झाला आहे.

पुढच्या शुक्रवारी समोरच्या मालतीबाई उसनी नेलेली साखर परत द्यायला आल्या. उकाड्यामुळे लाकडी दार उघडं होतं, जाळीचं लावलेलं. मालतीबाईंनी जाळीतून पाहिलं. शुक्रवार. बाई न्हालेली. कपाळभर कुंकू, केस मोकळे. जमिनीवर मांडी, डोळे मिटलेले, डोकं गरगर फिरतंय, आणि गिटारीबरोबर नाकातून “हूंऽऽ हूंऽऽ” असा आवाज. हेडफोन ओल्या केसांखाली गेलेला, आणि घरात दुसरा आवाज म्हणून नाही! गाणी वाजत असती तर मालतीबाई ‘काय बाई थेरं’ म्हणून परत गेल्या असत्या. ती सोय मीच वाशीहून हेडफोन आणून बंद केली होती.

मला जाग आली तेव्हा आमच्या हॉलमध्ये मालतीबाई पदर पसरून बसल्या होत्या. पुढ्यात नारळ, खण, तांदूळ. साखरही होती, ती त्यांनी प्रसादात घातली असावी.

“आई,” त्या सुमेधाला म्हणत होत्या, “आमच्या विश्वजितला कवा लागंल गं नोकरी? येकदा मुलाखतीला जाऊन आलाय लेकरू, न्हाई घेतला.”

मी बनियनवर तसाच धावत आलो. “मालतीबाई, अहो काय करताय?”

माझ्या पावलांचा हादरा लागला असावा. सुमेधाने डोळे न उघडताच ओळखलं की मी चहा मागायला आलो आहे, आणि दोन बोटं वर केली. म्हणजे, थांबा, अजून दुसरी बाजू बाकी आहे.

मालतीबाईंनी त्या दोन बोटांना हात जोडले. “दुसऱ्यांदा जाऊ दे म्हनती. व्हय गं आई!”

विश्वजित दुसऱ्यांदा मुलाखतीला गेला आणि त्या गाढवाला त्यांनी घेतला. पोरगा हुशार होता, एरवीही घेतलाच असता. पण आता हे कुणाला सांगणार?

त्यानंतरचे शुक्रवार मी वर्णन करत नाही. थोडंसं करतो. आधी आमच्या बिल्डिंगमधल्या बायका आल्या, मग मागच्या शिरवणे गावातल्या, मग दिघ्याहून बस बदलून आलेल्या. कुणाला मुलीचं स्थळ विचारायचं होतं, कुणाला नळाला पाणी कधी येईल ते. आमच्या घरात नारळाची चटणी, नारळाची बर्फी, नारळाचं सार आणि नारळ घातलेलं पिठलं सुरू झालं. शोकेसमधली कवटीवाली कॅसेट कुणीतरी सरळ केली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. “कालीचं रूप हाय,” मालतीबाईंनी सगळ्यांना समजावलं.

सुमेधाने खरं सांगून पाहिलं. केसांचा अंबाडा घालून, हातात हेडफोन धरून ती म्हणाली, “मालतीबाई, मी इंग्रजी गाणी ऐकते. यातून.”

“व्हय आई,” मालतीबाई मायेने म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून हळूच, “ज्येच्या अंगात येतं त्येला ठावं नसतंय, भावजी.”

या युक्तिवादाला उत्तर नाही. असेल तर मला कळवा. मी म्हटलं, अहो, गाणी इंग्रजीत आहेत. त्या म्हणाल्या, देवीला कुठली भाषा येत न्हाई सांगा. मी म्हटलं, मी सेक्रेटरी आहे, मी विज्ञान मानतो. त्या म्हणाल्या, तुमी मानू नका की, तुमच्या कुठं अंगात येतंय!

मग आम्ही दार लावून घ्यायला लागलो. तर बायका जिन्यात बसून आरत्या म्हणू लागल्या. कान पूर्ण झाकणारा हेडफोन असला तरी पायरीपायरीवर टाळ वाजत असताना तो काय करणार? पुढच्या शुक्रवारी सुमेधाने टेपरेकॉर्डरवर क्रोशाचं आवरण घातलं, ओले केस तसेच घट्ट बांधले आणि तांदळाचं ताट पुढे ओढलं. ती पुन्हा भांडी हळू ठेवायला लागली.

मला फार वाईट वाटलं. झोप येईना. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

“अहो, आठवड्यात एक तास होता,” ती खडे वेचता वेचता म्हणाली. “तेवढा वेळ मी कुणाची कुणी नव्हते. आता त्या तासालाही मी आई झाले, सगळ्या नेरूळची.”

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी करता आलं असतं. मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी हिचा तास हिला परत मिळवून द्यायचा. आणि मी सेक्रेटरी असल्यामुळे मला जो एकच मार्ग ठाऊक होता त्या मार्गाने गेलो. मी विषय मीटिंगमध्ये मांडला.

जोतीरामांनी मुद्दा लगेच पकडला. “ह्यात दोन गोष्टी हायती. देवी असंल, तर फ्लॅटचा वापर बदलला. ऱ्हाती जागा ऱ्हायली न्हाई, देवस्थान झालं. देवी नसंल, तर गटारात नारळाच्या शेंड्या अडकल्या त्येला जबाबदार कोन? सेक्रेटरी, तुमीच. तवा आधी वरून लेखी आना.”

‘वरून’ म्हणजे कुठून हे कुणी विचारलं नाही. मी एका सरकारी ऑफिसात गेलो. नाव सांगत नाही, पुढेमागे काम पडतं. खिडकीतल्या साहेबांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “येते कुठे? हॉलमध्ये की बेडरूममध्ये?”

“कोण?”

“देवी.”

“साहेब, येत नाही, हेच तर लेखी हवंय.”

“नाही येत त्याचा दाखला आम्ही देत नाही. येते त्याला परवानगी देतो. हॉलमध्ये येत असेल तर नकाशात ती जागा लाल शाईने दाखवा, तीन प्रतींत. शेजाऱ्यांचं ना-हरकत जोडा. आणि ज्यांच्या अंगात येतं त्यांची सही, येण्याच्या आधीची.”

मागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांनी घाईघाईने माझ्या पायांना हात लावला. मी घरी आलो.

शेवटी जोतीरामांनीच तोड काढली. “शिरवन्यातल्या गोजराबाईला आनू. तिच्या अंगात खरी येती, तिच्या आजीपास्नं चालत आलंय. ती म्हनंल ते मान्य.” मालतीबाईंनाही ते पटलं. मला मात्र धाकधूक वाटायला लागली. गोजराबाईंनी हो म्हटलं तर सुमेधाचा तास कायमचा गेला. नाही म्हटलं तर सगळ्या बिल्डिंगमध्ये बायको ढोंगी ठरणार. आणि यात तिला कुणीच काही विचारलेलं नव्हतं, मीसुद्धा.

शुक्रवारी दुपारी गोजराबाई आल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, आगरी पद्धतीने गुडघ्याच्या वर घट्ट नेसलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी. हॉलमध्ये मुंगीला जागा नव्हती, जिना भरलेला. त्यांनी ओटीकडे पाहिलं नाही, कवटीकडे पाहिलं नाही. सुमेधासमोर भुईवर बसल्या.

“काय करतंस बाय तू?”

“गाणी ऐकते.”

“आनि मान का हलवतंस?”

“ती गाणी नुसतं बसून ऐकवत नाहीत, मावशी.”

कुणीतरी हसलं. गोजराबाईंनी मागे वळून पाहिलं तसं हसणं विरलं. “दे मना,” त्या म्हणाल्या, “ते कानाला लावाचा हाय ते.”

सुमेधाने त्यांच्या कानांवर हेडफोन बसवला. वेणी चुरगळू नये म्हणून पट्टी जरा मागे सरकवली. कॅसेट सुरुवातीपर्यंत नेली आणि बटण दाबलं.

मी आयुष्यात बऱ्याच निकालांची वाट पाहिली आहे, पण तशी नाही. गोजराबाई हलल्या नाहीत. डोळे उघडे, समोर भिंतीकडे. एक गाणं गेलं असेल, दोन गेली असतील. बायका टाळ धरून अवघडल्या. जोतीरामांना खोकला आला तो त्यांनी रुमालात दाबला. मधेच गोजराबाईंनी सुमेधाचा हात धरला आणि तिच्या तळव्यावर बोटांनी ठेका द्यायला लागल्या. सुमेधाने ओळखलं असावं कुठलं गाणं चालू आहे ते. ती हसली, आणि दातही दिसले. इतक्या दिवसांनी!

खट्ट करून बाजू संपली. गोजराबाईंनी हेडफोन काढला.

“यात देवी नाय,” त्या म्हणाल्या.

हॉलभर एक सुस्कारा गेला. मालतीबाईंचा चेहरा पडला. “मंग काय हाय?” जोतीरामांनी विचारलं.

“मानसा हायत. जीव तोरून वाजवतान.” त्यांनी सुमेधाकडे पाहिलं. “आनि हिच्या आंगान दुसरा कोनी येत नाय. हीच येते. सगल्या आठवड्यान एकदा.”

सुमेधाने पदर डोळ्यांना लावला. आता रडली. मीही रडलो असतो, पण मी सेक्रेटरी.

“आमी मग काय करायचं?” मालतीबाई काकुळतीने म्हणाल्या.

“घरा जा. दार लावा. आयकू द्या तिला.” गोजराबाईंनी पुन्हा मांडी ठोकली. “बाय, मागची बाजू लाव. मी पन बसते.”

सगळे उठले. मी सोफ्यावर टेकलो तर गोजराबाईंनी माझ्याकडेही पाहिलं. “तू र? तुला येगला सांगू?”

अशा रीतीने मी माझ्याच घराबाहेर पडलो. दार आतून लागलं. जिन्यात जोतीराम मला म्हणाले, “सेक्रेटरी, ठरावात काय लिवायचं?” मी म्हटलं, “लिहा, विषय निकाली.” मालतीबाई आपला नारळ पोटाशी धरून घरात गेल्या. थोडा वेळ मला त्यांची कीव आली.

मी दाराशी पायरीवर बसून राहिलो. जरा वेळाने एक बाई धापा टाकत जिना चढून आली. दिघ्याहून आलेली, हातात ओटीचं ताट, तोंडावर घाम.

“देवी हितंच येती नव्हं?”

“नाही हो ताई,” मी म्हटलं. “इथं माझी बायको राहते. सुमेधा नाव तिचं. ती आत्ता गाणी ऐकते आहे.”

बाई गोंधळून दाराकडे बघायला लागली. मग दमून माझ्या शेजारी पायरीवर टेकली. “भाऊ, घोटभर पानी तरी मिळंल का?”

घरात माठ भरलेला होता, दार हातभर अंतरावर होतं, आणि बेल माझ्या डोक्यावरच होती. मी उठलो आणि मालतीबाईंचं दार वाजवून त्यांच्याकडून तांब्या मागून आणला.